वाचक विचारतात : ‘होता तसाच परत द्या!’

मागील अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. मुलांच्या लाडक्या कार्टूनचा चेहरा, आवाज किंवा पेहराव बदलला की मुलांपेक्षा मोठी माणसेच अधिक खवळतात आणि त्या रागात रास्त किती व नुसता हट्ट किती हे कधीतरी पाहायला हवे, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमची सहा वर्षांची मुलगी थॉमस या निळ्या इंजिनाची नवी मालिका रोज आवडीने पाहते. तिचे वडील मात्र ती लागली की ‘हा थॉमस नव्हेच’ म्हणून खोलीतून उठून जातात. एका इंजिनाच्या चेहऱ्यावरून एवढा संताप कशासाठी? — एक आई

उत्तर : आधी आपल्या यजमानांची बाजू मांडतो, कारण घरात ती मांडायला दुसरे कोणी असेल असे पत्रावरून वाटत नाही. थॉमस हा मुळात रेव्हरंड ऑड्री यांच्या रेल्वेकथांमधला. ही पुस्तके १९४५ पासून निघू लागली. १९८४ मध्ये त्यांवर दूरचित्रवाणी मालिका आली, तेव्हा पडद्यावर दिसत होती ती खरोखरची लहान इंजिने, खऱ्या छोट्या रुळांवर धावणारी. त्यांची तोंडे हलत नसत. थॉमस रागावला तर रागाचा, घाबरला तर घाबरल्याचा असा वेगवेगळा साच्यातला चेहरा पुढे बसवला जाई आणि फक्त डोळे तेवढे इकडून तिकडे फिरत. २००९ पासून मालिका पूर्णपणे संगणकावर तयार होऊ लागली आणि इंजिनांची तोंडे बोलण्याबरोबर हलू लागली. २०२१ मध्ये तर ती सपाट रेखाटनांची झाली, इंजिने आकाराने गुटगुटीत झाली आणि आनंद झाला की रुळांवरच उड्या मारू लागली.

आता आपल्या यजमानांचे नेमके काय हरवले ते पाहावे. चेहरा बदलला ही तक्रार वरवरची आहे. लहानपणी पाहिलेल्या इंजिनाला वजन होते, ते हरवले आहे. ते इंजिन घसरले तर खरोखर घसरत असे, बंद पडले तर त्याला दुसऱ्या इंजिनाने ओढून न्यावे लागे आणि त्या साऱ्या गोष्टींचा गाभाच असा होता की जड, मठ्ठ, रुळांना बांधलेल्या यंत्रांनी आपापले काम चोख करायचे. उडी मारणाऱ्या इंजिनाला रुळांची गरज काय, असा प्रश्न त्यांना पडत असेल तर तो अगदीच पोरकट नाही. मात्र आपल्या मुलीची त्या वजनाशी ओळखच नाही. तिच्यासमोर आहे तो तिच्याच वयाच्या मुलासारखा धडपड्या, चटकन रुसणारा आणि तितक्याच चटकन हसणारा थॉमस, आणि तो तिला आवडतो यात तिची काही चूक नाही. त्यांनी उठून जाण्याऐवजी एखाद्या सुट्टीच्या दिवशी १९८४ चे दोनचार भाग तिच्याबरोबर बसून पाहावेत. मुले जुने पाहत नाहीत हा आपला समज आहे, आणि तो बहुधा आपण त्यांना जुने कधी दाखवतच नाही यामुळे झालेला असतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. जे पात्र लोकप्रिय आहे, ज्यावर पैसाही मिळतो आहे, त्याला हात लावण्याची दुर्बुद्धी या कंपन्यांना होते तरी का?

उत्तर : गुरुजी, दुर्बुद्धीपेक्षा हिशेब अधिक असतो. मुलांच्या कार्टूनचा प्रेक्षक दर चारपाच वर्षांनी संपूर्ण बदलतो. प्रौढांच्या मालिकेचा प्रेक्षक वर्षानुवर्षे तिच्यासोबत म्हातारा होतो. चार वर्षांच्या मुलासाठी केलेल्या मालिकेचा प्रेक्षक मात्र आठव्या वर्षी तिला ‘बाळबोध’ म्हणून सोडून जातो आणि निर्मात्याला नव्या चार वर्षांच्या मुलांना पुन्हा पहिल्यापासून जिंकावे लागते. त्या नव्या मुलांच्या पडद्यावर आजूबाजूला जे असते, त्याच्या शेजारी आपले पात्र जुनाट दिसू नये ही धडपड त्यातूनच येते.

दुसरे कारण खेळणी. बऱ्याच पात्रांची खरी मिळकत दूरचित्रवाणीवरून होतच नाही. ती होते बाहुल्या, दप्तरे, डबे, कपडे यांवर चित्र छापण्याच्या परवान्यांतून. थॉमस आणि बॉब द बिल्डर या दोन्ही पात्रांची मालकी २०१२ मध्ये मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीकडे गेली. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, बॉबचे नवे रूप जाहीर झाले. मूळ बॉब बुटका, गोल चेहऱ्याचा, हाताने घडवलेल्या बाहुलीचा होता आणि एकेक चौकट टिपताना ती बाहुली कणाकणाने हलवून त्याचे चित्रीकरण होई. नवा बॉब उंच, सडपातळ, संगणकावर घडवलेला आणि बराचसा खऱ्या माणसासारखा. जुन्या चाहत्यांनी त्याला नावे ठेवली ती इथेच. परंतु बाहुली हलवून चित्रीकरण करण्याच्या पद्धतीत दिवसभर राबून हाती काही सेकंदांचाच मजकूर येतो. संगणकावरचे मॉडेल एकदा तयार केले की ते शेकडो भागांत वापरता येते. कारण एवढे रोखठोक असताना जाहिरातीत मात्र ‘नव्या पिढीसाठी नवा बॉब’ असेच लिहिले जाते. चाहत्यांना खर्चाचे कारण कोणी सांगत नाही, आणि मग त्यांना वाटते की कोणीतरी मुद्दाम आपल्या बालपणावर बोळा फिरवला.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या शिक्षकाला विशेष रुचेल. पात्र बदलण्याची मागणी पुष्कळदा पालकांकडूनच आलेली असते. १९२८ मधला मिकी माऊस आजच्या मिकीच्या मानाने भलताच वांड होता. पहिल्याच गाजलेल्या लघुपटात तो जहाजावरच्या जनावरांना पिळून, ओढून, बडवून त्यांची वाद्ये करतो. पुढे तो इतका लोकप्रिय झाला की त्याने जरा कुठे आगाऊपणा केला की पालकांची तक्रारीची पत्रे स्टुडिओत येऊन पडू लागली. परिणामी मिकी सभ्य होत गेला, आणि आदळआपट, संताप, खोड्या हे सारे खाते १९३४ मध्ये अवतरलेल्या डोनाल्ड डककडे गेले. मिकीचा चेहराही त्याबरोबर बदलत राहिला. १९२९ मध्ये त्याच्या हातांत पांढरे मोजे आले, कारण काळ्या अंगावर काळे हात उठून दिसत नव्हते. १९३९ च्या सुमारास त्याच्या डोळ्यांत बुबुळे आली.

स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये एका निबंधासाठी मिकीची वेगवेगळ्या काळांतली चित्रे चक्क मोजपट्टी लावून तपासली. सुरुवातीच्या मिकीच्या डोळ्याची लांबी डोक्याच्या लांबीच्या २७ टक्के होती, ती पुढे ४२ टक्क्यांवर गेली. डोकेही शरीराच्या मानाने मोठे झाले. म्हणजे वय वाढत गेले तसा मिकी दिसायला लहान होत गेला. मोठे डोके, मोठे डोळे आणि फुगीर गाल पाहिले की माणसाला आपसूक माया वाटते, हे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ याने १९४३ मध्येच मांडले होते. चित्रकारांनी ते वाचले असेल असे नव्हे. त्यांच्या हाताला ते प्रेक्षकांच्या प्रतिसादातून कळले असावे. मुद्दा असा की मिकी पन्नास वर्षे बदलत होता आणि कोणी ओरडले नाही, कारण तो एका रात्रीत बदलला नाही.

प्रश्न : आपल्या टिपणात ‘मुलांना बदलाचे फारसे काही वाटत नाही’ असा सूर होता. हे मला मान्य नाही. मुलांचा राग दिसत नाही, कारण त्यांना विचारतो कोण? — एक ग्रंथपाल, मुलांचा विभाग

उत्तर : टिपणात म्हटले होते ते एवढेच की मोठ्यांचा आवाज मोठा असतो. पण आपला मुद्दा वजनदार आहे आणि त्याला भक्कम उदाहरणही आहे. २००५ च्या सुरुवातीला वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केले की बग्ज बनी, डॅफी डक वगैरे मंडळींचे दूरच्या भविष्यकाळातले वंशज दाखवणारी नवी मालिका येणार आहे. सोबत आलेल्या पहिल्या चित्रांतले प्राणी काळपट पोशाखातले, धारदार कोनांचे, रागीट डोळ्यांचे होते. बग्जच्या वारसाच्या चेहऱ्यावर मिश्कीलपणाचा मागमूस नव्हता. त्याविरुद्ध अमेरिकेतल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने इंटरनेटवर सह्यांची मोहीम सुरू केली आणि हजारो लोकांनी तिच्यावर सह्या केल्या. सप्टेंबरमध्ये मालिका पडद्यावर आली तेव्हा पात्रांचे चेहरे निवळलेले होते आणि मुख्य सशाचे नावही बदललेले होते.

लहान मुलांची नापसंती शब्दांत क्वचितच येते, हे आपण रोज पाहत असाल. पाच वर्षांचे मूल ‘या पात्राची रचना मला खटकते’ असे म्हणणार नाही. ते उठून निघून जाईल, नाहीतर जुने पुस्तक पुन्हा काढून बसेल. कंपन्या मुलांचे छोटे गट बसवून मालिका दाखवतात आणि मुले कुठे चुळबुळ करतात याची नोंद ठेवतात, ती यासाठीच. मुलांच्या विभागात कोणते पुस्तक फाटेपर्यंत वाचले जाते आणि कोणते कोरेच राहते, याची आपल्याकडे जी नोंद असेल ती समाजमाध्यमांवरच्या कोणत्याही गदारोळापेक्षा अधिक विश्वासार्ह म्हणावी लागेल.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. सोनिकच्या चित्रपटाच्या वेळी आम्ही मित्रांनी आरडाओरडा केला, तेव्हा सगळ्यांनी आम्हाला हसण्यावारी नेले. पण शेवटी निर्मात्यांना नमावेच लागले आणि चित्रपटही चालला. मग चाहत्यांचा राग बरोबरच असतो, असे का म्हणू नये?

उत्तर : कारण एका सामन्यावरून मालिका ठरत नाही. पण ज्यांना ते प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. सोनिक हा निळा हेजहॉग, म्हणजे काटेरी अंगाचा छोटा प्राणी, १९९१ मध्ये सेगा कंपनीच्या व्हिडिओ गेममधून जन्मला. ३० एप्रिल २०१९ रोजी त्याच्यावरच्या चित्रपटाची पहिली झलक आली आणि तीत दिसला तो माणसासारखे दात, लहान आणि सुटे सुटे डोळे, माणसासारखे पिळदार पाय आणि पांढऱ्या मोज्यांऐवजी पांढऱ्या लोकरीचे पंजे असलेला प्राणी. दात पाहून लहान मुले दचकली असती तर नवल नव्हते. दोनच दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी रूप बदलण्याचे जाहीर करून टाकले. चित्रपट ८ नोव्हेंबर २०१९ ऐवजी १४ फेब्रुवारी २०२० रोजी प्रदर्शित करायचे ठरले. नव्या रूपाची जबाबदारी टायसन हेस या चित्रकाराकडे आली, जो सोनिकच्या कॉमिक्सवर आधीपासून काम करत होता. नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या झलकेत मोठे डोळे, मोजे आणि खट्याळ हसू परत आलेले पाहून ओरडणारेच टाळ्या वाजवू लागले. चित्रपट चालला, त्याचे पुढचे भागही निघाले.

इथपर्यंत तुझे म्हणणे खरे आहे. मात्र त्या कहाणीचा एक तुकडा विजयोत्सवात गळून पडतो. चित्रपटातला बदल हा रंगाचा डबा बदलण्यासारखा नसतो. ज्या ज्या दृश्यात ते पात्र आहे, ते प्रत्येक दृश्य, त्यावरचा प्रकाश, सावली, केसांची हालचाल, सारे पुन्हा करावे लागते. हे काम ज्या व्हँकूवरच्या स्टुडिओत बऱ्याच अंशी झाले, तो डिसेंबर २०१९ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आधीच, बंद झाला. त्यामागे इतर व्यावसायिक कारणे होती आणि सोनिकमुळेच तो बुडाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या हातांनी तुम्हाला हवा तसा सोनिक घडवला, त्यांतले बरेच हात पहिल्या खेळाच्या दिवशी नोकरीबाहेर होते. पहिले रूप ठरवणारे बहुतेक वेगळेच लोक होते, आणि शिव्या खाताना मात्र ‘ॲनिमेटर’ हा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता.

आता तुझा मूळ प्रश्न. माझी कसोटी साधी आहे आणि ती मी या पानावर पूर्वीही मांडली आहे: नवे रूप पात्राच्या स्वभावाला खोटे पाडते, की फक्त आपल्या आठवणीला? सोनिकचा स्वभाव उतावळा, फुशारकीखोर, निष्पाप. ते दात आणि ते डोळे त्याला वयस्क आणि किंचित भीतिदायक करत होते, म्हणून तिथला राग रास्त होता. याहून स्वच्छ उदाहरण मेरिडाचे आहे. २०१२ च्या ‘ब्रेव्ह’ या चित्रपटातल्या या स्कॉटिश राजकन्येला आवळलेला पोशाख घालून स्वयंवराच्या स्पर्धेत बसवतात, आणि तिला धनुष्य ताणता येईना तेव्हा ती तोच पोशाख शिवणीवर टराटरा फाडून बाण सोडते. तिचा सारा चित्रपट त्या एका क्षणात आहे. मे २०१३ मध्ये डिस्नीने तिला आपल्या अधिकृत राजकन्यांच्या मालिकेत घेतले आणि त्या निमित्ताने जे चित्र काढले त्यात तिची कंबर बारीक, गळा खोल, केस विंचरलेले, पोशाख चमचमता होता आणि धनुष्य गायब होते. म्हणजे जो पोशाख तिने फाडला तोच तिला परत नेसवला. ही व्यक्तिरेखा जिने घडवली त्या ब्रेंडा चॅपमन यांनीच त्यावर जाहीर टीका केली, दोन लाखांहून अधिक लोकांनी निषेधावर सह्या केल्या आणि डिस्नीच्या संकेतस्थळावर पुन्हा चित्रपटातली मेरिडा दिसू लागली. हा राग शंभर टक्के योग्य होता, आणि त्यात जुन्याच्या ओढीचा भाग जवळपास नव्हता, कारण मूळ चित्रपट अवघ्या वर्षभरापूर्वीचा होता.

याच्या अगदी उलट प्रकार शी-राच्या बाबतीत घडला. १९८५ मधली शी-रा ही खेळण्यांच्या जोडीने आलेल्या मालिकेची नायिका. तिचे नवे रूप २०१८ च्या जुलैत प्रसिद्ध झाले, तेव्हा कित्येक मोठ्या पुरुषांची तक्रार अशी होती की ती पुरेशी ‘बाईसारखी’ दिसत नाही. नव्या मालिकेत जी शी-रा होते ती ॲडोरा ही किशोरवयीन मुलगी आहे, मालिका मुलींसाठी आहे आणि तलवार उचलली की तिचे बळ वाढते हे मूळ सूत्र जसेच्या तसे आहे. स्वभावाला कुठेही धक्का लागलेला नव्हता. धक्का लागला होता तो चाळिशीतल्या काही प्रेक्षकांनी दहाव्या वर्षी भिंतीवर लावलेल्या चित्राला. अशा रागाला निर्मात्यांनी भीक घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तेव्हा त्यांनी घातलीही नाही.

पुढच्या वेळी काही खटकले तर तुम्ही मित्रांनी आधी एकमेकांना हा प्रश्न विचारून पाहा. बऱ्याचदा उत्तर लगेच मिळते. कधीकधी मिळत नाही, आणि तेव्हा चित्रपट येईपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

प्रश्न : चित्र बदलले तर चालवून घेता येते, पण आवाज बदलला की ते पात्रच मेल्यासारखे वाटते. असे का?

उत्तर : चित्र कागदावर असते, पण आवाज माणसाच्या गळ्यात असतो आणि माणूस थकतो. जपानमध्ये १९७९ पासून डोरेमॉनला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा आणि त्यांचे मुख्य सहकारी २००५ मध्ये एकदमच बाजूला झाले आणि संपूर्ण नवा चमू आला. एका पिढीने तो आवाज २६ वर्षे ऐकला होता, त्यामुळे नव्या आवाजाची पहिली काही वर्षे जड गेली यात आश्चर्य नाही. आज जपानमधली विशीतली मुले त्या नव्या आवाजालाच डोरेमॉनचा खरा आवाज मानतात. मिकीचा आवाज तर सुरुवातीला खुद्द वॉल्ट डिस्नींचाच होता आणि १९४० च्या दशकात तो त्यांनी दुसऱ्याच्या स्वाधीन केला. आपल्याकडच्या वाचकांना ही हळहळ आणखी एका कारणाने कळावी: आपण डोरेमॉन ऐकला तो हिंदीतला, म्हणजे मुळातच बदललेल्या आवाजातला, आणि तरी तो आपल्याला अस्सल वाटला. जो आवाज आधी कानांवर पडतो तो अस्सल, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : छोटा भीमने चुटकीला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केले, असे मला माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी रडत रडत सांगितले होते. असे खरेच दाखवले होते का? — एक मावशी

उत्तर : नाही. २०२० मध्ये ‘चुटकीला न्याय द्या’ अशी हाक समाजमाध्यमांवर घुमली होती आणि त्यातला मोठा हिस्सा थट्टेचा होता. मात्र थट्टा आणि बातमी यांतला फरक आठ वर्षांच्या मुलापर्यंत पोचत नाही. शेवटी निर्मात्या ग्रीन गोल्ड कंपनीला निवेदन काढावे लागले की भीम, चुटकी आणि इंदुमती ही तिघेही अजून लहान मुले आहेत आणि लग्नाची बातमी खोटी आहे. न घडलेल्या बदलावरून झालेला हा बहुधा सर्वांत मोठा गदारोळ असावा.

याच जातीचा एक प्रकार २००९ मध्ये डोरा या कार्टूनमधल्या चिमुकलीबाबत झाला होता. थोड्या मोठ्या मुलींसाठी डोराची किशोरवयीन बाहुली येणार, असे मार्चमध्ये जाहीर झाले आणि सोबत चेहरामोहरा न दाखवता केवळ काळी छायाकृती दिली गेली. त्या छायेत पालकांना तोकडा झगा आणि नटवेपणा दिसला, सह्यांची मोहीम निघाली. प्रत्यक्ष चित्र आले तेव्हा त्यात साधा अंगरखा, खाली घट्ट विजार आणि सपाट बूट होते. शिवाय लहान मुलांची मूळ डोरा तशीच चालू राहणार होती. अर्धवट चित्र दाखवून उत्सुकता ताणायची ही जाहिरातवाल्यांची आवडती खोड आहे आणि ती अंगाशी आली की ते चाहत्यांनाच उतावळे ठरवतात, हे मला अजिबात पटत नाही.

भाच्याला एक सांगावे. त्याच भीमला २०१९ मध्ये निर्मात्यांनी एका नव्या मालिकेत रांगत्या, बोबड्या बाळाचे रूप दिले. त्या मालिकेत संवादही जवळपास नाहीत. म्हणजे भीम मोठा होण्याऐवजी आणखी लहान झाला. लग्नाला अजून बराच अवकाश आहे.

प्रश्न : मी चौथीत आहे. नवीन कार्टून आलं की जुनं कुठे जातं? मला जुनंच आवडतं, तर मी जुनंच बघितलं तर चालेल का?

उत्तर : अगदी चालेल. जुने कुठेही जात नाही. ते ज्या कंपनीचे असते तिच्याकडे सांभाळून ठेवलेले असते आणि कधी डीव्हीडीवर, कधी इंटरनेटवर, कधी दुपारी एखाद्या वाहिनीवर पुन्हा दाखवतात. तुझ्या आईबाबांना शोधायला सांग. आणि नवीन आवडलं नाही असं एखाद्या मित्राने म्हटलं किंवा जुनं आवडलं नाही असं म्हटलं, तरी त्याच्याशी कट्टी करू नकोस. आणखी एक गंमत करून बघ. जुन्या आणि नव्या पात्राची चित्रं शेजारी शेजारी काढ आणि काय काय बदललं ते लिहून काढ. आम्हाला पाठवलंस तर आम्ही छापू.

प्रश्न : मुलांच्या मालिकेतील एखादा बदल खरोखरच अयोग्य वाटला तर पालकांनी तक्रार कुठे व कशी करावी? समाजमाध्यमांवर लिहून कोणी दखल घेते का?

उत्तर : घेतात, पण ती गर्दी मोजण्यापुरती. गर्दीला नेमके काय हवे आहे हे कळावे लागते, आणि ‘आमचे बालपण उद्ध्वस्त केले’ या वाक्यातून कोणत्याही निर्मात्याला काहीही दुरुस्त करता येत नाही. वाहिनीच्या अथवा निर्मितीसंस्थेच्या अधिकृत पत्त्यावर लिहावे. मालिकेचे नाव, भाग, दृश्य नेमके नोंदवावे. आपले मूल किती वर्षांचे आहे आणि ते दृश्य पाहून ते काय म्हणाले वा कसे वागले, हे त्याच्याच शब्दांत लिहावे. मेरिडाच्या बाबतीत परिणाम झाला तो ‘धनुष्य कुठे गेले?’ या नेमक्या प्रश्नामुळे, असे मला वाटते, कारण त्या प्रश्नाला कंपनीकडे उत्तर नव्हते.

चित्रकाराचे नाव शोधून काढून त्याच्या खासगी खात्यावर तुटून पडण्याचा प्रकार मात्र कोणत्याही कारणासाठी करू नये. रूप ठरवण्याच्या बैठकीत तो बहुधा नसतोच. भारतात प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमातील मजकूर मुलांसाठी हानिकारक वाटला, तर आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. वाहिन्यांना असा अधिकारी नेमावा लागतो. परंतु हा मार्ग हिंसा, अश्लीलता, घातक अनुकरण अशा गोष्टींसाठी आहे. नायकाचे डोळे लहान झाले किंवा त्याची टोपी गेली, ही तक्रार तिथे टिकणार नाही. त्यासाठी निर्मितीसंस्थेला लिहावे, आणि पत्रासोबत मुलाने काढलेले त्या पात्राचे चित्र जोडता आले तर अवश्य जोडावे.